घट

पहाटे चारला सराफ बाजारात
कुत्री आणि आम्ही.
विसपुत्यांच्या ओट्याखालची गटार माझी,
तिच्यापुढची जावेची.
चाळीस वर्षं उकिडवी बसून झाडलं.
काजळी, केस, विडीची थोटकं,
आणि त्यात कुठंतरी
कानशीनं सांडलेलं सोनं.

दुपारी मेहरूणच्या तळ्याकाठी
कठवतीत माती फिरवायची.
हलकं वाहून जातं, भारी बसतं.
मग पारा. फडक्यातून पिळणं. मग जाळ.
शेवटी मुगाच्या डाळीएवढं काही
तळहातावर.
पोरांची फी त्यातून भरली.
खोटं कशाला सांगू,
नवऱ्याची बाटलीही त्यातूनच आली.

खुबा मोडला तो त्याच गटारीच्या फरशीवर,
होळीच्या आदल्या दिवशी.
डॉक्टर भारंबे म्हणाले, धातूचा गोळा, धातूची वाटी,
तुम्हाला पुरून उरेल.
मी विचारलं, कुठला धातू?
ते हसले. लोक खर्च विचारतात, म्हणाले,
धातू कुणी विचारत नाही.

सहा वर्षं बरी गेली.
मग चालताना आवाज यायला लागला,
वंगण संपलेल्या रसवंतीच्या चरकासारखा.
कीर्तनात दाराशी बसू लागले.
भूषण, माझा नातू, न बघताच सांगायचा,
आजी आली.

रक्त पुण्याला गेलं, कागद परत आला.
कोबाल्ट इतकं. क्रोमियम इतकं.
माप होतं ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाचं.
डॉक्टर समजावू लागले,
फार बारीक भुकटी असते, बाई,
गोळा वाटीला घासतो, आणि…
मी म्हटलं, भुकटी मला नका शिकवू.

बाहेर आल्यावर सून म्हणाली,
"माय, तुन्हा रगतमा धातू शे म्हनतस."
"मंग? पारा कमी गया का पोटमा?"
मी म्हणाले खरी.
पण त्या रात्री डोळा लागला नाही.
मांडीत काहीतरी सांडत होतं
आणि तिथं माझा झाडू पोचत नव्हता.
हलकं म्हणावं, तर वाहून जात नव्हतं.
भारी म्हणावं,
तर बसत नव्हतं, रक्तात फिरत होतं.

दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा आतलं मांस
करडं निघालं. सिस्टरनंच सांगितलं,
चुलीच्या पोतेऱ्यासारखं.
जुना गोळा मी मागून घेतला.
कागदावर सही केली. अंगठा नाही, सही.
आता आत नवा आहे, चिनी मातीसारखा पांढरा.
बरणी फुटते तसा फुटला तर काय,
हे विचारायचं राहून गेलं.

काठी सुटल्यावर, एका संध्याकाळी
रिक्षा करून विसपुत्यांकडे गेले.
पहिल्यांदाच ओट्यावर चढले.
त्यांनी स्टूल दिलं, पंखा माझ्याकडे वळवला.
म्हाताऱ्यानं डोळ्याला भिंग लावून
गोळा कसोटीवर ओढला. फिकट रेघ.
तेजाबाचा थेंब सोडला.
रेघ जागची हलली नाही.
"चिवट चीज आहे," ते म्हणाले.
सगळा गोळा आरसा, त्यात पंखा फिरताना दिसत होता.
फक्त एका अंगाला, नखाएवढ्या जागेत,
काही दिसत नव्हतं.
तेवढं मी घासलं होतं,
दळणाला जाता-येता.

"घट किती आली?"
त्यांनी गोळा काट्यावर ठेवला.
आकडा थरथरला, थांबला.
बराच वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले.
"घट सांगायला मूळ वजन लागतं, बाई."

गोळा पदराला बांधून खाली उतरले.
शटर पडत होती. सून आली होती झाडू घेऊन,
माझ्या जागेवर, उकिडवी.
म्हटलं, बुडाखाली पाट घे गं.
ती मान वर न करता हसली.
"पाटवर बशीसन कोनी झाडस का, माय?"